किंमत उतरेपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मोहिमेतल्या पोरींना नाही, घरी तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण आधीच बजावते, पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

पत्रक मीच लिहिलं होतं. अर्धाकच्चा गेम बाजारात आणायचा, पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक कापायचं, दुरुस्त्या मागाहून पाठवायच्या आणि वर्षाच्या आत तोच गेम अर्ध्या भावात विकायचा — ही लूट नाही तर काय? म्हणून थांबा. किंमत उतरेपर्यंत कुणीही घेऊ नका. जळगावातल्या कॉलेजांच्या गेटवर उभी राहून मी हे ओरडले. लोक हसले. गेमसाठी कसलं आंदोलन, म्हणाले. हसू देत. पोरं थांबली. होस्टेलंच्या होस्टेलं थांबली. मला त्याचा अभिमान आहे, आजही.

सगळ्यात जास्त थांबले सलीमभाई. बस स्टँडमागे त्यांचं गेम पार्लर, त्यावरच घर चालणारं. नवा गेम नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या पार्लरला जाऊ लागलं. ते मला म्हणाले, "ताई, खुर्च्या रिकाम्या पडल्या. पण तुम्ही थांबताय ना? मग मीपण थांबतो."

थांबतेय, मी म्हणाले.

आणि मी — कसं लिहू? — मी थांबले नव्हते. गेम आला त्याच आठवड्यात धुळ्याला मावशीकडे गेले. मावसभावाच्या खात्यावरून घेतला, पूर्ण किमतीत. दार लावून खेळले, अगदी शेवटपर्यंत. जळगावात कुणीतरी पाहिलं असतं. धुळ्यात मला कोण ओळखतं? परतले ती थेट सभेला, आणि संयमावर बोलले. चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. लाज वाटली का? खरं सांगू — त्या दिवशी नाही.

मग किंमत उतरली. आम्ही जिंकलो! सलीमभाईंनी गेम आणला, पेढे वाटले. तोवर त्यांना एक मशीन विकावं लागलं होतं. उरलेल्या मशीनभोवती पोरांची गर्दी होती, तरी त्यांनी सगळ्यांना मागे सारून मला बसवलं. "पहिला डाव ताईंचा. यांच्यामुळे थांबलो आपण."

रिमोट हातात घेतला. पडद्यावर तो तुटका पूल. कुठे धावायचं, कुठे उडी मारायची, माझ्या बोटांना पाठ होतं. मी पडले. मुद्दाम. पोरं खिदळली, "ताई, तुले तर बटनबी सापडत नही."

सलीमभाई त्यांच्यावर डाफरले. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले आणि कुठलं बटण कशाला, ते एकेक करून समजावू लागले. "घाई नको ताई. एवढं थांबलात, अजून थोडं."

मी मान डोलावली, आणि पुन्हा पडले.