ग्लास कुणी भरायचा

गोदीतला वेल्डर किसप दर शनिवारी तिघा मित्रांबरोबर माझ्या खाणावळीत यायचा. मग तपासणीत त्याच्या यकृतावर चरबी निघाली आणि डॉक्टरांनी त्याची सोजू, म्हणजे आमच्याकडची दारू, बंद केली. मित्र म्हणाले, "त्याच्यासमोर पिऊन उगाच त्याचा जीव कशाला जाळायचा?" आणि मेल्यांनी त्याला बोलवणंच सोडलं. बायको आधीच वारलेली. दुखत काही नव्हतं, पण अंगातला थकवा जात नव्हता, असं तो सांगायचा.

काल दुपारी एकटाच आला. माशाचं सूप मागवलं आणि रिकामा ग्लास समोर ठेवून बसून राहिला.

"सोजू मिळणार नाही हं," मी दरडावलं. "मरायचं तर दुसरीकडे जाऊन मर."

"पाणी दे, मावशी."

"बाटली समोरच आहे की. हात मोडलेत का?"

आमच्याकडे चारचौघांत बसलं की आपला ग्लास आपण भरत नाही, शेजारचा भरतो. किसपनं दोन्ही हातांनी ग्लास माझ्यापुढे धरला.

"घरी माझं मीच ओतून घेतो, मावशी," तो म्हणाला. "कुणीतरी ओतावं म्हणून इथवर आलो."