खोली रिकामी होऊ नये म्हणून

हे गेले तेव्हा आमच्या मागच्या खोलीचं दार पुरतं उघडत नव्हतं. आत खोक्यांवर खोकी चढली होती. सगळ्या खोक्यांत जुनी खेळणी आणि लहान मुलांची जुनी पुस्तकं. भेटायला येणारी माणसं दारातून डोकावून बघायची आणि परत फिरायची. आम्हाला मूलबाळ नाही हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही नाशिकला, सातपूरमध्ये राहतो. हे तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचे. यांचा धाकटा भाऊ विंचूरला, कांद्याच्या मार्केटमध्ये. त्याची बायको तापाने गेली तेव्हा त्यांची मुलगी नुकती कुठे चालायला लागली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि दिरांनी पोरीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मला एकट्याला जमायचं नाही वहिनी, एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी तिला घेऊन आम्ही नाशिकला आलो.

ती बोलत नव्हती. रडायचीही नाही. नवी खेळणी आणली तर हाताने लांब ढकलायची. प्लॅस्टिकच्या वासानेच तोंड फिरवायची. एका बुधवारी हे पहिली पाळी सुटल्यावर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात गेले. तिथे भाजीपाल्याच्या पलीकडे जुन्या सामानाची दुकानं जमिनीवर मांडलेली असतात. तिथून यांनी एक पत्र्याची कोंबडी आणली. रंग उडालेला, चावी हरवलेली. पोरीने ती दोन्ही हातांत धरली, उलटीपालटी करून बघितली आणि कुशीत घेऊन झोपली. मग दर बुधवारी काही ना काही येऊ लागलं. लाकडाची ठकी, झाकणं नसलेली भातुकली, मुलांच्या मासिकांचे सुटे अंक. तिला दुसऱ्या मुलांनी वापरलेलंच आवडायचं. पुस्तकांच्या पहिल्या पानावर कुणा ना कुणा मुलीचं नाव असायचं, ते ती माझ्याकडून वाचून घ्यायची. बोलायला लागल्यावर तिचा पहिला धड प्रश्न तोच होता, ही मुलगी कुठे गेली? मी म्हणायचे, मोठी झाली.

ती मला आई म्हणायची आणि यांना बाबा. आम्ही शिकवलं नव्हतं. वसाहतीतली मुलं म्हणायची, म्हणून तीही म्हणायला लागली. आम्ही थांबवलं नाही.

ती पहिलीत जायच्या आधी दिरांनी दुसरं लग्न केलं आणि तिला न्यायला आले. भांडण झालं नाही. पोर त्यांची होती, भांडायचं कशाच्या जोरावर? यांनी खेळणी पोत्यात भरून ठेवली होती. दीर म्हणाले, घर लहान आहे, नंतर नेतो सावकाश. ते पोतं कोणी नेलं नाही.

सुरुवातीला आम्ही येवल्याच्या बसने विंचूरला जायचो. पोरगी धावत यायची, माझा पदर सोडायची नाही. अशाच एका दुपारी माझी नवी जाऊ मला चुलीपाशी घेऊन बसली. साधी, कष्टाळू बाई. चांगली होती, आजही आहे. ती खाली बघत म्हणाली, "ताई, ती तुम्हाला आई म्हनती. मला काहीच म्हनत नाय. तुम्ही येऊन गेल्या की चार दिवस जेवत नाय. मी काय करू सांगा."

परतीच्या बसमध्ये मी यांना तिचं बोलणं सांगितलं. त्यानंतर आम्ही जाणं बंद केलं.

बाजार मात्र यांनी बंद केला नाही. बुधवारी पाळी असेल तर बदलून घ्यायचे. आणलेल्या वस्तू गॅलरीत बसून साफ करायचे, गंज खरवडायचे, पुस्तकांच्या पाठीला खळ लावून वर पाटा ठेवायचे. मी एकदा विचारलं, आता ती मोठ्या शाळेत गेली असेल, ही बाहुली कोणासाठी? हे म्हणाले, असू दे. पुढे पुढे मीही विचारायचं सोडलं. पोरगी वयाने वाढत होती, पण यांच्या पिशवीतून निघणारं सगळं चार-पाच वर्षांच्या मुलीचंच असायचं.

नात्यातल्या लग्नांत ती लांबून दिसायची. पाया पडायची, मोठी आई, मोठे बाबा म्हणायची. आमच्याकडे चुलत्याला आणि चुलतीला तसंच म्हणतात. त्यात वावगं काही नव्हतं.

हे गेल्यावर ती बापाबरोबर आली. आता चांगली उंच, चष्मा लावलेली, कॉलेज रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. मागच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मला वाटलं, तिला आठवलं. ती हातात एक भोवरा घेऊन आली आणि म्हणाली, मोठी आई, हे सगळं विंटेज आहे, लोक असल्या वस्तू शोधत असतात. मोबाइलवर फोटो टाकून मी विकून देते, तुम्हाला तेवढीच जागा मोकळी होईल. मोठ्या बाबांना फार नाद होता का जुन्या वस्तूंचा, असंही तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मला विकायचं नव्हतं. पण ती पुढे म्हणाली, "मी रविवारी येत जाईन." म्हणून मी मान हलवली.

मग रविवार सुरू झाले. ती सकाळी यायची. मी विहारातली वंदना लवकर आटोपून घरी यायचे. गॅलरीत उन्हात माझं जुनं सुती लुगडं अंथरायचं, त्यावर एकेक वस्तू मांडून ती फोटो काढायची. हे काय, कसं खेळायचं, मला विचारून लिहायची. कोणी कॅफेत मांडायला भातुकली नेली. एका जोडप्याने होणाऱ्या बाळाच्या खोलीसाठी ठकी नेली. जोडप्यातली मुलगी पोटावर हात ठेवून बसली होती, तिला मी पाणी दिलं. एक साठीचे गृहस्थ स्वतः आले, मासिकाचा एक अंक उघडून उभ्याउभ्याच वाचायला लागले. चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुपारी आम्ही दोघी जेवायचो. भाकरी वाढली की ती आधी वरचा पापुद्रा सोलून खायची, मग उरलेली. लहानपणी अगदी तसंच करायची. मी ताटाकडे बघायचे, मग उठून उगाच पाणी आणायला जायचे.

काही महिन्यांत खोलीची मागची भिंत दिसायला लागली. फुटलेलं प्लॅस्टर, कोपऱ्यात जुनं जाळं. ती खूश झाली, म्हणाली, आता झालंच आहे संपत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बुधवारी मी सिटी बस धरून गंगेवर गेले. यांच्याबरोबर मी कधीच गेले नव्हते. कुठल्या दुकानातून घ्यायचं, काय बघून घ्यायचं, काही कळत नव्हतं. मिळेल ते घेतलं. एक डोळे मिटणारी बाहुली, लाकडी गाडी, काही पुस्तकं. घरी येऊन पुसलं आणि खोक्यांच्या तळाशी घालून ठेवलं. पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

एका रविवारी तिने ती बाहुली वर काढली आणि म्हणाली, ही मागच्या वेळी नव्हती. मी म्हटलं, तळाशी असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बाहुलीचे केस सारखे केले, लुगड्यावर निजवली आणि फोटो काढला. तिला कळलं असावं. पण त्यानंतरच्या रविवारीही ती आली आणि खोली अजून कशी संपत नाही हे तिने परत कधी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा आहे, सासरही तिकडेच. लग्नाआधीचा शेवटचा रविवार म्हणून ती लवकर आली. खोक्यातून एक चित्रांचं पुस्तक निघालं. सगळ्या पानांवर जांभळ्या खडूचे गिरगटे, माणसांना शिंगं, झाडांना डोळे. तिने पानं चाळली, हसली आणि म्हणाली, कोणत्या तरी पोरीने पार वाट लावलीय, हे नाही कोणी घेणार. ते गिरगटे तिचेच होते. तो खडू तिने आमच्या भिंतीवरही चालवला होता आणि यांनी दिवाळीला रंग देताना तेवढा कोपरा तसाच सोडला होता. मी पुस्तक तिच्या हातून घेतलं आणि फळीवर ठेवलं.

तिला सोडायला मी स्टँडवर गेले. तिला त्या दिवशी विंचूरला जायचं होतं, घरी हळदीची तयारी होती. येवल्याची बस लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, मला तुमच्याकडे का कोण जाणे फार बरं वाटतं, घरी आई चांगली आहे पण ती फार बोलत नाही. मग तिने विचारलं, "मोठी आई, मी लहानपणी तुमच्याकडे राहिले होते ना? पप्पा कधी नीट सांगत नाहीत. किती राहिले होते?"

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. सांगायला सगळं होतं, अगदी बारीकसारीक. पण मला चुलीपाशी खाली बघून बोलणारी माझी जाऊ दिसली. त्या बाईने तिला वाढवलं, शिकवलं, आणि आई म्हणवून घ्यायला काही वर्षं वाट बघितली. परवा हळदीत पोरीच्या शेजारी तीच बसणार होती. पोरीची एक आई गेली, दुसरी मी, तीही सुटली. निदान आहे ती तरी तिच्याकडे पुरती राहावी.

"थोडे दिवस," मी म्हटलं. "तू फार लहान होतीस."

ती बरं म्हणाली. बस लागली, गर्दी झाली, तिने खिडकीतून बॅग आत टाकून जागा धरली. पोचल्यावर फोन करते म्हणाली. मी हात केला. बस स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत मी उभी होते, मग पाणी प्यायला नळापाशी गेले आणि तिथेच पायरीवर बसले. एका बाईने विचारलं, काय मावशी, बस चुकली का? मी म्हटलं, नाही, मुलीला सोडायला आले होते.