मध्येच तोडलेलं वाक्य

डबा सकाळपासून माझ्या टेबलावर बोलत होता आणि बंद पडायचं नाव घेत नव्हता. अडचण तीच होती. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते. दुरुस्तीला येऊन नीट चालणाऱ्या वस्तूचं काय करायचं?

"पाणी हवंय," डबा म्हणाला. मग, "डॉक्टरांना फोन करा." मग, "चहात साखर कमी घाला." बाईचा आवाज. स्पष्ट आणि खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

पलीकडे माझे पार्टनर जाधव एका फौंड्रीच्या भट्टीचं पॅनेल तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली. "ताई, त्या बाई परत पाणी पाहिजे म्हणत्यात."

"माझं लक्ष आहे."

"पॅनेल उद्या द्यायचंय. तिकडंबी असू द्या."

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. भट्ट्या, पंप, लेथ चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवतो आणि दुरुस्त करतो. हौसेखातर केलेली कामं आमच्याकडे येत नाहीत, आली तर जाधव ती हसून परत पाठवतात. हा डबा मात्र नजीरभाई शिकलगारांनी आणला होता. नजीरभाई साखर कारखान्यात वायरमन होते. कारखान्याचं पॅनेल बिघडलं की तेच घेऊन यायचे, त्यामुळे ओळख जुनी. रिटायर झाल्यावर व्हिडिओ बघून बघून मायक्रोकंट्रोलर शिकले. आधी टाकीतल्या पाण्याचा अलार्म केला, मग दारावरची बेल. हा डबा त्यांनी बायकोसाठी केला होता.

त्यांची बायको शमशादबाई. प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्या आणि घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस बरा झाला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते त्यांनी वापरून पाहिलं. त्या घरघरणाऱ्या आवाजाला नातू घाबरला आणि यंत्र कपाटात गेलं. फोनमधला मराठी बोलणारा आवाजही त्यांना नको होता. पण ऑपरेशनच्या आधी नजीरभाईंनी त्यांना समोर बसवून बरीच वाक्यं रेकॉर्ड करून घेतली होती. तीच या डब्यात होती. चार ओळी बटणांच्या, प्रत्येक बटणावर एक-दोन शब्दांची चिठ्ठी, वर बोटाएवढा पडदा, खाली स्पीकर.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर. त्याला एकच काम शिकवायचं, ते तो जन्मभर करतो. इथलं काम साधं होतं. कुठलं बटण दाबलंय ते बघायचं, मेमरी कार्डावरची त्या वाक्याची फाइल उघडायची आणि स्पीकरला वाजवायला द्यायची. मेमरी कार्ड म्हणजे आपण फोनमध्ये घालतो तेच.

पहिल्यांदा आले तेव्हा नजीरभाई म्हणाले होते, "मॅडम, हे कार्ड खातंय."

"खातंय म्हणजे?"

"कधी दिवसभर नीट चालतंय. कधी तासाभरात पडद्यावर 'कार्ड एरर' येतंय आणि गप्प. बंद करून चालू केलं की परत बोलतंय. कार्डं बदलून बघितली. फॉरमॅट मारलं. कार्ड बसतंय तो सॉकेटबी नवा घातला. तरीबी तेच."

मशीन बंद-चालू केल्यावर सुधारतं तेव्हा आम्ही आधी वीज बघतो. कार्डाला स्थिर व्होल्टेज लागतं. स्पीकर जोरात वाजला की एकदम करंट ओढतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. विहिरीवरची मोटर चालू केली की घरातला दिवा मंदावतो, तसंच. मी स्कोप लावला. स्कोप म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र. त्यावर बारीकसा खड्डा दिसला. मी कार्डाच्या शेजारी एक कपॅसिटर जोडला. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी, नळ बारीक झाला की तेवढ्यापुरतं पाणी देणारी. खड्डा बुजला. झालं, असं सांगून मी डबा परत दिला.

दोन दिवसांनी नजीरभाई परत दारात. "बंद पडला," एवढंच म्हणाले.

म्हणून आता तो सकाळपासून टेबलावर बोलत होता. नजीरभाईंनी त्यात एक सोय ठेवली होती. शेवटचं बटण दाबून धरलं की सगळी वाक्यं एकामागून एक वाजत राहायची. मी तेच चालू ठेवलं होतं. डबा हलवून पाहिला, वायरी ओढून पाहिल्या, हेअर ड्रायरने गरम केला. तो आपला पाणी मागत राहिला.

प्रोग्रॅम बघावा तर तो माझ्याकडे नव्हता. चिपमध्ये एकदा भरलेला प्रोग्रॅम वाचता येईल अशा रूपात परत काढता येत नाही. मूळ प्रत नजीरभाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. आणि खरं सांगायचं तर प्रोग्रॅमवर माझा संशय नव्हता. पडदा कार्डाचं नाव घेत होता ना.

जेवणाच्या सुट्टीत डबा पुसायला घेतला तेव्हा बटणांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. 'पाणी'ची चिठ्ठी कोरी करकरीत होती. 'डॉक्टर', 'गोळी', 'दुखतंय', सगळ्या नव्यासारख्या. तिसऱ्या ओळीतल्या चिठ्ठ्या मात्र झिजून काळ्या पडल्या होत्या, अक्षरं जेमतेम लागत होती. 'थांबा'. 'तसं नाही'. 'माझं ऐका'. 'पटत नाही'.

मी नजीरभाईंना फोन लावला. "हा डबा तुमच्या हातात कधी बंद पडलाय का?"

"माझ्या हातात? न्हाय बघा."

"दर वेळी बाईंच्याच?"

"व्हय. म्हणून तर मी म्हणतो, ती बटणं लई जोरात दाबती."

"त्यांना वर्कशॉपला घेऊन याल?"

"यायची न्हाय, मॅडम. बाहेर जायचंच सोडलंय तिनं."

मग काम आटोपून डबा घेऊन मीच कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेले.

शमशादबाई दारातच उभ्या होत्या. गळ्याभोवती ओढणी सैलसर घेतलेली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आत नेलं, बसवलं. चहा आला. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मी इथं नाहीच असं समजा. रोज वापरता तसा वापरा."

असं सांगितल्यावर कोण वापरतं? त्यांनी हसून 'चहा घ्या'चं बटण दाबलं. वाक्य पुरं झालं. मग 'साखर'. तेही पुरं झालं. डबा शहाण्यासारखा वागत होता.

मग विषय निघाला तो घरच्या गडबडीचा. येत्या रविवारी आजऱ्याहून पाहुणे येणार होते. धाकटी मुलगी सना, तिच्या लग्नाची बोलणी. सना बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला.

"माणसं चांगली हाईत," नजीरभाई मला सांगू लागले. "काजूचा धंदा हाय. पोरगा शिकलेला. त्यांचं म्हणणं, निकाह ह्याच महिन्यात उरकून टाकू. परीक्षा काय, पुढच्या वर्षीबी देता येती."

"थांबा जरा," डबा म्हणाला.

"अगं, मी कुठं म्हणतोय? ते म्हणत्यात."

"आधी माझं..." डबा बोलू लागला आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंचं बोट पुढच्या बटणावर गेलं. "तसं ना..." तेही तोडलं. "मला पट..."

"ऐकून तर घे. पोरगी तिकडं जाऊन शिकंलच की."

"थां..." "आधी..."

आणि डबा गप्प झाला. पडद्यावर 'कार्ड एरर'.

"बघा," नजीरभाई म्हणाले. "असंच होतंय."

शमशादबाईंनी डबा बाजूला सारला, फोन घेतला आणि टाइप करू लागल्या. त्या टाइप करत होत्या तोवर नजीरभाई मला पाहुण्यांना काय जेवू घालायचं ते सांगायला लागले. बाईंनी फोन पुढे केला तेव्हा गाडी बिर्याणीवर पोचली होती. त्यांनी फोन तसाच पालथा मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. नजीरभाईंच्या लक्षातही आलं नाही. त्यांचा दोष होता असं नाही. बोलणं थांबत नाही, ते पुढे जातं.

मला त्या घरातलं दुखणं तेव्हा कळलं. आणि डब्याचंही.

"नजीरभाई, तुमचा कॉम्प्युटर चालू करा," मी म्हटलं.

प्रोग्रॅम व्हिडिओतून शिकलेल्या माणसाने लिहिला असला तरी नीटनेटका होता. शोधायला फार वेळ लागला नाही. शमशादबाईंनाही समजावं म्हणून मी शाळेच्या लायब्ररीचं उदाहरण दिलं. समजा लायब्ररीचा नियम आहे की एका माणसाला एका वेळी पाचच पुस्तकं. हा मायक्रोकंट्रोलर म्हणजे तो माणूस, कार्डावरची फाइल म्हणजे पुस्तक. फाइल उघडणं म्हणजे पुस्तक नेणं, बंद करणं म्हणजे परत करणं. नजीरभाईंनी 'परत करा' ही सूचना लिहिली होती, पण वाक्य शेवटपर्यंत वाजलं तरच ती अमलात यायची. वाक्य मध्येच तोडून दुसरं लावलं की आधीचं पुस्तक परत जायचंच नाही. अशी पाच पुस्तकं हातात साठली की लायब्ररी सहावं देत नाही. मग डबा गप्प. बंद करून चालू केला की खातं कोरं, पुन्हा सुरू.

नजीरभाई पडद्याकडे बघत राहिले. "मग कार्ड एरर का दाखवतोय?"

"ते तुम्हीच लिहिलंय. फाइल कुठल्याही कारणानं उघडली नाही तरी पडद्यावर 'कार्ड एरर' असंच यायचं."

"म्हंजे कार्डं चांगली होती."

"सगळी."

आम्ही प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. नवं वाक्य लावायच्या आधी जुनी फाइल बंद कर. प्रोग्रॅम परत चिपमध्ये भरला. मी शमशादबाईंना म्हटलं, "आता हव्या तेवढ्या वेळा तोडा." त्यांनी दोन्ही हातांनी बटणं दाबायला सुरुवात केली. थां, माझं, तसं, पट, आधी, थां, नाही. शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखा गलका. डबा अडला नाही. त्या थांबल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि त्या हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

मी प्रोग्रॅम भरायची वायर गुंडाळत म्हटलं, "नजीरभाई, एक विचारू? इतके महिने तुम्ही हा तपासताय. तुमच्या हातून एकदासुद्धा वाक्य मध्ये तुटलं नाही?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"मी कशाला तोडीन, मॅडम," ते म्हणाले. "तिचा आवाज हाय तो. लावला की पुरा ऐकतोच मी. कधीकधी परत लावतो."

शमशादबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कुठलंच बटण दाबलं नाही. मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर आले.

घरी जाताना वाटेत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. माणसाने मन लावून वस्तू केली. वाक्यं निवडली तीही काळजीने: पाणी, गोळी, डॉक्टर. आजारी माणसाला जे लागेल ते. भांडायची वाक्यं बाईंनी स्वतः हट्टाने घालायला लावली, असं नजीरभाईंनी निघताना सांगितलं. त्यांना ठाऊक असणार. पाणी माणूस खुणेनेही मागू शकतो. 'मला पटत नाही' हे खुणेने सांगत बसलं तर तोवर लग्नाची तारीख ठरते.

पुढच्या आठवड्यात नजीरभाईंचा फोन आला.

"पाहुणे काय म्हणाले?" मी विचारलं.

"परीक्षा झाल्यावर निकाह. कबूल झाले."

"सहज?"

"सहज कसले. पोराच्या बापानं दोनदा तिचं बोलणं उडवायला बघितलं. हिनं दोन्ही वेळा मधेच 'थांबा' लावलं." मग म्हणाले, "सुरवातीला समदी डब्याकडं बघून उत्तर देत होती, मॅडम. नंतर नंतर तिच्याकडं बघायला लागली."

मी जाधवांना हे सांगितलं. त्यांनी पॅनेलचे स्क्रू आवळत ऐकलं आणि विचारलं, "बिल किती लावलं?" मी म्हटलं, बिर्याणी आली होती, तुम्हीच खाल्ली.

त्यानंतर मी वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी बदलल्या. 'एरर' असा मोघम शब्द आमच्या कुठल्याही कंट्रोलरवर येऊ देत नाही. काय अडलंय ते लिहा, आणि कळलं नसेल तर 'कळलं नाही' असं लिहा. चुकीचं नाव घेणारा पडदा माणसाला महिनोन्महिने चुकीच्या दारात उभा करतो. दुसरं, पॅनेल द्यायच्या आधी मी मालकाला बोलावत नाही, ते रोज चालवणाऱ्या ऑपरेटरला बोलावते. त्याला सांगते, घाईत असल्यावर दाबता तसं दाबा. बनवणारा आपली वस्तू जपून वापरतो. म्हणून त्याच्या हातात ती बिघडत नाही, आणि तेवढ्यावरून ती चांगली आहे असं त्याला वाटतं.