अकरा नंबरचा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून. बघा — सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी औरंगाबादला — आता संभाजीनगर म्हणायचं, जीभ अजून अडखळते — कॉलेजात जन्मभर भूशास्त्र शिकवलं. दगडावरची खूण जिवाची की नुसत्या निसर्गाची, हे ओळखायला शिकवणं हा माझा हातखंडा विषय. फार फार पूर्वी ओल्या गाळात एखाद्या किड्याने बीळ केलं, आणि पुढे त्या गाळाचा दगड झाला, तर ते बीळ दगडात रेघेसारखं राहतं. पण गाळ वाळून तडकला तरी रेघाच उमटतात. नवखा माणूस इथे हमखास फसतो. खरं तर कसोटी सोपी आहे. भेग टोकाकडे निमुळती होत जाते. बीळ होत नाही. किड्याचं अंग जेवढं, तेवढीच त्याच्या वाटेची रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय दगड ओला करून भिंगातून पाहिलं, तर बिळात चंद्रकोरीसारख्या बारीक ओळी दिसतात, किड्याने मागे सारलेल्या मातीच्या. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं.

तेव्हा म्हणजे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमचे सर दर शनिवारी एका पत्र्याच्या ट्रेमध्ये दहा दगड मांडायचे. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं — भेग, बीळ, पाण्याची खूण, काय असेल ते. मग सर चिठ्ठ्या वाचून घ्यायचे. माझी आठ उत्तरं यायची बरोबर, कधी नऊ. कमलची दहा.

कमल गंगापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. इंग्रजी यथातथा, आकृत्या वाकड्या, चिठ्ठीवरचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. आणि मी? आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, पोलीस ॲक्शननंतर वडील त्याच इमारतीत कारकून. अक्षर, टिपणं, वाचन, सगळं माझं पहिल्या नंबरचं. पण सर हसून विचारायचे ते तिला — "कमल, तू गाळातच जन्मलीस का गं?" आणि ती खुशाल म्हणायची, "व्हय सर, पाटाच्या कडंलाच." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे, आणि आतून जळायचे. साधा हेवा नव्हता तो. ती डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायची ना, तर त्या भाकरीचासुद्धा मला राग यायचा. एवढं चांगलं असायची काय गरज होती तिला?

त्या वर्षी सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन थंडीनंतर करायचं ठरलं होतं. तोवर त्यांना वाचून दाखवायचं काम माझं. मी सरांचे डोळे होते — हे सर स्वतः म्हणायचे, आणि मला त्याचा काय गर्व!

दिवाळीनंतर कमल एसटीतून एक दगड घेऊन आली, जुन्या लुगड्यात बांधून. तिच्या चुलत्याची विहीर खणताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट-हिरवा, तळ्याच्या गाळाचा एक पातळ थर लागला होता. आपल्याकडे सगळा लाव्हाचा दगड, असा थर क्वचितच लागतो. त्यावर लांब, वळणावळणाच्या रेघा. तिने दगड माझ्यासमोरच उघडला आणि म्हणाली, "वसू, बघ की. कायतरी हिंडलंय इथं." तो आनंद कसा होता, काय सांगू? मला आधी दाखवला तिने. सरांच्याही आधी.

तिच्या वडिलांनी घरी बजावलं होतं — या शिक्षणातून काही निघालं तर पुढे शीक, नाहीतर मार्गशीर्षात लग्न. आणि ही बिळं ठरली तर सर तिला संशोधनाला ठेवून घेणार होते. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं.

आमच्या विभागाचा एक नियम होता. ज्याला सापडलं, त्याने निकाल द्यायचा नाही. त्याचा डोळा आशेने बघतो. निकाल दुसऱ्याने द्यायचा. सरांनी अंगठा फिरवून पाहिला, पण रेघा दगडाच्या सपाटीला होत्या, हाताला काहीच लागेना. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. विचारलं एवढंच — टोकाला रुंदी तेवढीच आहे का?

मी दगड ओला केला. पाहिलं. रुंदी तेवढीच होती. चंद्रकोरी तर इतक्या स्पष्ट, की मोजता आल्या असत्या.

"नाही सर," मी म्हणाले, "निमुळती होत जाते."

कमल शेजारीच उभी होती. भिंग तिच्याही खिशात होतं! ती भांडेल, सरांना म्हणेल पुन्हा बघू द्या — मी वाट पाहत होते. कदाचित तेच हवं होतं मला. तिने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "वसू म्हणती म्हंजी तसंच असंल. माझाच डोळा फसला." एवढंच. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं; पुढे परीक्षेपुरती तेवढी येऊन गेली. लग्नासाठी गावी जाताना दगड मलाच देऊन गेली. "ठेव ट्रेमंदी. पोरांला फसवायला लई ब्येस हाय."

संशोधनाची जागा मला मिळाली. वेगळं सांगायला नकोच.

सरांचे डोळे ऑपरेशननंतर लख्ख झाले. त्यांनी तो दगड पुन्हा मागू नये म्हणून मी तो कपाटाच्या तळाशी नकाशांखाली ढकलला. ते निवृत्त झाले आणि मी तो बाहेर काढला. ट्रेमध्ये ठेवला, अकरावा म्हणून. उत्तर — भेगा. का काढला? फेकून का नाही दिला? दरवर्षी वर्गातली बहुतेक पोरं घाईघाईने 'भेगा' लिहायची, आणि मला वाटायचं, असतीलही. एखादं पोर नीट ओला करून बघायचं आणि 'बीळ' लिहायचं. त्याचा मार्क मी कापायचे. माझ्या सुंदर अक्षरात शेरा द्यायचे — निरीक्षण कमी पडले.

मग एका वर्षी गंगापूरची एक मुलगी वर्गात आली. तीच हनुवटी, तसंच कोंबडीच्या पायाचं अक्षर. ट्रेची प्रॅक्टिकल झाली तेव्हा ती अकरा नंबरपाशी बराच वेळ थांबली होती. ओला केला, भिंग लावलं, पुन्हा ओला केला. मी टेबलाशी बसून बघत होते. लिही, मी मनात म्हणत होते. लिही गं.

चिठ्ठी द्यायला आली तेव्हा ती लाजत म्हणाली, "मॅडम, मला तर ते बीळच दिसत हुतं. पण आईनं सांगितलं हाय ह्या दगडाचं. तिचा बी डोळा असाच फसला हुता, तुमी सांगितलं म्हणून कळलं तिला. लई नाव काढती तुमचं."

चिठ्ठीवर अकराव्या आकड्यापुढे आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. शेजारी लिहिलं होतं — भेगा.

मी लाल पेन उचललं, आणि त्यापुढे बरोबरची खूण केली.