मधूनच धरलेली चाल

ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या चादरीची ऊब तळहातांना अजून आठवते. दोन टोकं सुमनच्या हाती, दोन माझ्या. ती गुणगुणत पुढे आली, टोकं माझ्या हाती दिली, मागे सरली. आम्हा दोघांचं ते शेवटचं साधंसुधं काम. “या चालीचं नाव काय असेल हो?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “नाव कळून काय त्याच्या पोळ्या भाजायच्यात?” दुसऱ्या दिवशी दुपारी ती सोफ्यावर बसल्याबसल्याच गेली.

चाल आयरिश लोकांची, नाचाची, धावती. रील म्हणतात तिला. इथे अमेरिकेत, रेडमंडला मुलाच्या घरी आलो तेव्हापासून दर शनिवारी आम्ही लायब्ररीत जायचो. चार म्हातारे फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, आणि बासरी घेऊन बसायचे आणि सुमन, आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवलेली बाई, त्यांच्या चाली वहीत सारेगममध्ये उतरवून घ्यायची. मी चौथी शिकलेला. जन्म इचलकरंजीत मागावर गेला, कान त्या खडखडाटात अर्धे निकामी झाले. मला सगळ्या चाली एकच वाटायच्या. पण माणूस जातं आणि त्याचा प्रश्न घरात राहतो. कपडे देऊन टाकता येतात; प्रश्न कुणाला द्यायचा?

सून केतकी म्हणाली, “बाबा, एक साईट आहे, सुरुवातीचे सूर टाकले की चाल सापडते.” तिनं वहीतल्या शेवटच्या चालीचे, सुमन गुणगुणत होती तिचे, सूर इंग्रजी अक्षरांत टाकले. काही सापडेना. मग मी ऐकतच सुटलो. बाहेर हिवाळ्याचा न संपणारा पाऊस, आणि कानाला हेडफोन. कुठे कुणाच्या स्वयंपाकघरात टेप केलेली रील, मागे भांडी वाजताहेत; कुठे जुन्या तबकडीची खरखर. कागदावर उतरवलेल्या चालींच्याही दहा जणांच्या दहा तऱ्हा. एकानं गिळलेला सूर दुसऱ्यानं घोळवलेला. जात्यावरची ओवी तरी दोन घरांत सारखी कुठे असते? एका टेपमध्ये वाजवणाऱ्याच्या पायाचा ठोका ऐकू येतो. त्या पायांची केव्हाच माती झाली असेल, ठोका मात्र शाबूत! सुमनचं काय राहिलं? त्या चालीची पेन्सिलीनं लिहिलेली दीड पानं.

शेवटी एका शनिवारी केतकीला घेऊन लायब्ररीतल्या त्या फिडलवाल्याकडेच गेलो. तिनं सूर वाचले, त्यानं वाजवले, थांबला, हसला. चाल बरोबर आहे म्हणाला, फक्त दुसरा भाग आधी आलाय, पहिला नंतर. बाई उशिरा आल्या होत्या का?

केतकीनं तेच मला मराठीत विचारलं आणि मला तो शनिवार आठवला. त्या शनिवारी सुमन बूट घालून दारात उभी होती, आणि मी मॅच बघत होतो. “एवढी ओव्हर होऊ दे गं.” “तुमची ओव्हर म्हणजे मारुतीचं शेपूट,” ती म्हणाली, आणि थांबली. आम्ही पोचलो तेव्हा चाल निम्म्यावर आली होती. गोल फिरणारी ती चाल, संपली की पुन्हा पहिल्यापासून. दार जिथे उघडलं, तिथून बिचारीनं लिहायला घेतलं.

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं. कुठल्याशा खेड्यातल्या पुलाचं. बस, एवढंच! महिनोन्‌महिने ज्याच्यामागे फिरलो ते हाती आलं, आणि ज्या कानात सांगायचं तो कान नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी उठेपर्यंत वही मांडीवर घेऊन बसलो. त्या साईटवर प्रत्येक चालीखाली लोक आपापली प्रत ठेवतात, स्वतःच्या नावानं. ती उठल्यावर म्हटलं, सुमनची ठेव. ती म्हणाली, “भाग सरळ करून टाकू ना, बाबा?”

“हात लावू नकोस. तिनं लिहिलं तसंच.”

खाली शेरा लिहायला जागा होती. मी सांगत गेलो, केतकी इंग्रजीत टाईप करत गेली: बाई उशिरा पोचल्या म्हणून चाल इथून सुरू होते. उशीर नवऱ्यानं केला.