टोपीच्या रिव्हॉल्वरचे सहा बार

नातवानं अंगणात सुतळी बॉम्ब लावला, की मी घरात जातो. वाघाच्याही आवाजाला मी भ्यालो न्हाय. पण तो गंधकाचा वास आला, की आमचं कळंबकडचं पडीक रान समोर उभं राहतं.

निजाम जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. आजोबांचं टोपीचं रिव्हॉल्वर माझ्याकडं होतं, इतकं जड की उचलताना बैल बसावा. त्याच्या सहा घरांत दारू अन् गोळी हातानं ठासायची, मागं ठिणगीची टोपी बसवायची. माझा दोस्त दगडू जत्रेत उखळी, म्हणजे दारू ठासून बार काढायची लोखंडी नळी, उडवायचा. बंदुकीची दारू घरीच कुटायचा. त्या साली पंच म्हणाले, "यंदा सोलापूरची डब्यातली दारू आणू." दगडूचं तोंड उतरलं. मी पैज लावली: रिव्हॉल्वरच्या तीन घरांत दगडूची दारू, तीन घरांत डब्यातली; जी मडकं फोडंल, ती जत्रेला.

भरलं मीच, अन् गुपचूप अदलाबदल केली. त्या पडीक रानात, पंचांच्या डोळ्यांदेखत 'डब्यातली' नुसती फुसफुसली. 'दगडूच्या' पहिल्याच बारानं मडकं फुटलं.

"बघा मालक, घरचं ते घरचं!" दगडू नाचला.

"व्हय बाबा, उखळीत तुझीच दारू," पंच हसले.

जत्रेत त्याची उखळी पेटेना. काय झालं ते बघायला तो वाकला, अन् तेवढ्यात ती उडाली. दोन्ही डोळे गेले.

आजही पारावर तो माझा हात धरून म्हणतो, "सांग की रे, माझ्या दारूनं मडकं कसं फोडलं!"

मी सांगतो. तुकडे तुळजापुरात पडले म्हणतो. तो हसतो, अन् दर वर्षी मी ते तुकडे आणखी थोडे लांब फेकतो.