लोखंडी माणसाची चप्पल

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मी कुठल्यातरी भुताटकीत सापडलेला बिचारा आहे. तसं नाही. रामाकोन्यातल्या एका सरळ माणसाचं जमलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं, कारण माझ्या हातात माईक होता. ते सावरायची संधी त्याने स्वतः मला आणून दिली, आणि तेव्हा मी गप्प बसलो. नेमकं त्याच वेळी मला जे दिसलं, ते आज लिहितो आहे.

अंगात येणं, लागीर, उतारे... यातलं मी कधीच काही मानलं नाही. सगळी नोकरी सिंचाई विभागात गेली. बांधाला पाझर फुटला की कुठेतरी त्याचं कारण असतंच आणि शोधलं की सापडतंच, अशी माझी समजूत. आजही तीच आहे. फक्त हा एक पाझर कुठून आला ते मला सापडलेलं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी पांढुर्ण्याला कॉलेजात होतो. माझा मावसभाऊ दिलीप याने कलर टीव्ही आणि व्हीसीआर घेतला होता, आणि संत्र्याचा तोडा सुरू झाला की तो सौंसरच्या बाजूच्या गावांत व्हिडिओचे खेळ लावायचा. हॉल म्हणजे संत्र्याचं गोदाम. खिडक्यांना पोती ठोकायची, दाराला जाड सतरंजी लावायची, की भर दुपारीही आत अंधार. खाली पेट्यांत भरायचं गवत पसरलेलं असायचं, त्यावर लोक बसायचे. सगळ्या हॉलला संत्र्याच्या सालीचा वास.

हिंदी पिक्चर सगळ्यांनीच पाहिलेले. म्हणून दिलीप नागपूरहून इंग्रजी कॅसेटी आणायचा. पण इंग्रजी समजणार कोणाला? तिथे माझं काम सुरू व्हायचं. टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसायचं आणि माईकवर सगळा पिक्चर आपल्या बोलीत सांगायचा. आमच्याकडे त्याला ‘सांगणारा’ म्हणत. खरं सांगू? माझंही इंग्रजी यथातथाच होतं. निम्मं मी मनाने जोडायचो. पडद्यावरच्या शहराला नागपूर करायचो, पोलिसाला सौंसरचा ठाणेदार, आणि मधूनच समोर बसलेल्या कोणाचं तरी नाव पिक्चरमध्ये घुसवायचो. लोकांना तेच पाहिजे असायचं. पिक्चर तोच, पण दर गावाला वेगळा.

त्या हंगामात जोरात चाललेली कॅसेट होती पुढच्या काळातून आलेल्या लोखंडी मारेकऱ्याची. वरून माणूस, आतून मशीन. काळा चष्मा, ताठ मान, गुडघा न वाकवल्यासारखी चाल. गोळ्या घातल्या तरी पडत नाही, हसत नाही, थकत नाही. एका घराचा पत्ता शोधत येतो आणि दार उघडून उभा राहतो. तिथे लोकांचा श्वास अडकायचा.

रामाकोन्याच्या पहिल्या खेळाला नेमकं तेच दार पडद्यावर उघडलं, आणि त्याच वेळी गोदामाच्या दाराची सतरंजी बाजूला झाली. बाहेरच्या उन्हात एक उंच माणूस उभा. काळा चष्मा. एक पाय ताठ.

तो नामदेवभाऊ होता. विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणारा. एकदा मोटार वर काढताना दोर तुटला आणि तो विहिरीत पडला; नागपूरच्या डॉक्टरांनी पायात रॉड टाकला, तेव्हापासून गुडघा वाकत नव्हता. वेल्डिंगने डोळे अधू झाले म्हणून चष्मा. हे सगळं मला ठाऊक होतं. आमचा स्टॅबिलायझर त्यानेच दोनदा दुरुस्त करून दिला होता. तरी माझ्या तोंडून निघालंच —

‘‘घ्या मंडळी! पिक्चरमध्ये शोधून राहिले, अन् मशीन तं रामाकोन्यातच निघाली! या, नामदेव मशीन, या!’’

गोदाम हसण्याने दणाणलं. कोणी शिट्टी मारली, कोणी ओरडलं, ‘‘अबे, ऑइल टाका त्याच्यात!’’ नामदेवभाऊही जरासा हसला आणि गवतावर पाय लांब करून बसला. मी पुढचा सीन सांगायला लागलो.

मला माहीत नव्हतं, पण त्याचं लग्न ठरलं होतं. सौंसरच्या बाजूची मुलगी. तिचा मोठा भाऊ त्या दिवशी हॉलमध्येच बसला होता. नामदेवभाऊनेच त्याला पिक्चर दाखवायला बोलावलं होतं.

आठवड्याच्या आतच नामदेवभाऊ पांढुर्ण्याला आमच्या घरी आला. बसला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला.

‘‘बापू, गावात पोट्टे माझ्या मागं ताठ पायानं चालून राहिले,’’ तो म्हणाला. ‘‘त्याचं काही नाही. पण पोरीचा भाऊ म्हणते, पायाचं आम्हाले मालूम होतं, ते आम्ही कबूल केलं होतं. पण आमच्या बहिणीले जन्मभर मशीनची बायको म्हणतीन लोकं.’’

मी काहीतरी पुटपुटलो. गंमत होती, वगैरे.

‘‘हो ना, गंमतच होती,’’ तो लगेच म्हणाला, जणू मला मदत करत होता. ‘‘तेच सांग ना माईकवर. लोकं तुझं ऐकतात. पुढच्या खेळाले मी त्याले पुन्हा घेऊन येतो. म्हण का, नामदेव चांगला माणूस हाय, मी उगाच बोललो. एवढंच. तो म्हणते, सगळ्याइच्या समोर झालं तं सगळ्याइच्या समोरच मिटू दे.’’

मी त्याला शब्द दिला. हात हातात घेऊन दिला.

पुढचा खेळ त्याच गोदामात, दुपारचाच. मुलीचा भाऊ पुढच्या ओळीत, शेजारी नामदेवभाऊ. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी ठरवलं होतं, दाराच्या सीनला बोलायचं. जिथे बोललो तिथेच मिटवायचं.

सीन आला. मशीन दाराकडे निघाली. मी माईक तोंडाशी नेला... आणि पडद्यावरचं दार बदललं.

नीट लिहितो. पिक्चरमधलं दार पांढरं होतं. मी ते कितीतरी खेळांत पाहिलं होतं. आता निळं दार दिसत होतं, आपल्याकडे नीळ कालवून रंगवतात तसलं. चौकटीला पिवळी पट्टी. बाजूला खिळ्यावर तांबूस रंगाची वेटोळी लटकलेली. एक माणूस पाठमोरा दाराकडे चालला होता. एक पाय ताठ, ओढत. पायरी आडवा होऊन चढला, चौकट धरली आणि पायातली चप्पल काढायला धडपडू लागला. आतून आवाज आला. स्पष्ट, आपल्या बोलीत आणि नामदेवभाऊच्या आवाजात —

‘‘चप्पल नको काढू, बापू. असाच ये आत.’’

माईक तोंडाशीच होता. मी काय करतोय हे कळायच्या आत मी तेच म्हणालो, त्याच आवाजात, फक्त स्वतःचं नाव गाळून: ‘‘चप्पल नको काढू. असाच ये आत.’’

लोकांनी जे पाहिलं ते एवढंच, की दारात लोखंडी मारेकरी उभा आहे आणि सांगणारा त्याला चप्पल काढू नको म्हणतोय. माणसं गवतावर लोळली. दिलीप व्हीसीआरजवळ बसला होता, तोही पोट धरून हसत होता. दार पुन्हा पांढरं झालं होतं.

समोर फक्त दोघे हसत नव्हते. मुलीचा भाऊ माझ्याकडे पाहत होता. नामदेवभाऊने चष्मा काढून हातात घेतला होता आणि तोही पाहत होता... वाट पाहत होता.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. दोन वाक्यं बोलायची होती. पण एवढा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. मी पुढचा सीन सांगायला लागलो. थोड्या वेळाने मुलीचा भाऊ उठून गेला. नामदेवभाऊ पिक्चर संपेपर्यंत बसला, जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

लग्न मोडलं. त्याने गाव सोडलं. आणि मी? तो चप्पलवाला डायलॉग मी पुढे प्रत्येक गावात मारला. सौंसरच्या बाजारातही लोक एकमेकांना म्हणायचे, ‘‘चप्पल नको काढू, असाच ये!’’

दिलीपला मी तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘अबे, कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट असंन, त्याच्यावरच पिक्चर भरला असंन.’’ मलाही पटलं. आम्ही ती कॅसेट पुढे-मागे करून पाहिली. पांढरं दार, मशीन, बस. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशीही निळं दार माझ्याशिवाय कोणालाच दिसलं नव्हतं. मग मी ठरवलं की आपल्या मनातल्या भीतीनेच ते दाखवलं असेल. हे कारणही मला पुरलं... बरीच वर्षं पुरलं.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. नोकरी संपायला आली असताना छिंदवाड्याहून येताना सिल्लेवानीच्या घाटात माझी मोटरसायकल घसरली. मांडीचं हाड आणि गुडघा. नागपूरलाच ऑपरेशन, आत रॉड. पाय वाचला, पण गुडघा वाकणं बंद झालं. घरात पहिल्यांदा काठीशिवाय चाललो तेव्हा माझी नात टाळ्या वाजवत म्हणाली, ‘‘आजोबा रोबोट!’’ सगळे हसले. मीही जरासा हसलो.

हसलो आणि मला तो जरासा हसलेला चेहरा आठवला.

दैवाने शिक्षा दिली वगैरे मी म्हणणार नाही. रस्त्यावर रेती होती आणि माझा वेग जास्त होता. पण त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. दिलीपने चार ठिकाणी विचारून काढलं, की नामदेवभाऊ तिगावला असतो, स्टेशनच्या बाजूला. वाइंडिंगचं दुकान घरातच. बायको आहे, मुलगा रेल्वेत आहे. दिलीपनेच मला गाडीतून नेलं. आधी कळवलं नव्हतं. कळवलं असतं आणि तो नको म्हणाला असता, तर मला बरंच वाटलं असतं, आणि तेच मला नको होतं.

अंगणात त्याची बायको तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. दिलीपने नाव सांगितलं. तिने आत हाक दिली, ‘‘अहो, पांढुर्ण्याचे बापू आले म्हणते.’’

मी दाराकडे निघालो. आधी लक्ष गेलं ते खिळ्याकडे. मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी लटकली होती. मग चौकटीची पिवळी पट्टी दिसली. मग दार.

निळं.

मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो. पायरी आडवा होऊन चढलो, चौकट धरली. पायात पट्ट्याची चप्पल होती, वाकल्याशिवाय निघत नाही. टाचेने टाच दाबून धडपडत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

‘‘चप्पल नको काढू, बापू. असाच ये आत.’’ मग तो म्हणाला, ‘‘पाय वाकत नसंन तुझा. चालीवरून समजते मले.’’

मागे दिलीपच्या हातातून गाडीची चावी पडली. ‘‘अबे...’’ एवढंच तो म्हणाला. परतताना मात्र सगळ्या रस्त्यात एकच विचारत होता, ‘‘त्याले मालूम होता ना तो डायलॉग? त्यानं मुद्दाम म्हटला असंन ना?’’ असेल. सगळ्या तहसीलला माहीत होता. पण निळं दार? तारेची वेटोळी? हे घर तर त्याने गाव सोडल्यावर बांधलेलं. आणि ‘बापू’ हा शब्द मी माईकवर म्हणालो नव्हतो. तो फक्त मी ऐकला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की पडद्यावरचा तो पाठमोरा माणूस नामदेवभाऊ आहे. स्वतःची पाठ कोणाला ओळखू येते? पुढच्या काळातून ताठ पायाने कोणाच्या दाराशी आलेला मीच होतो. त्या दुपारी, वेळ असताना, मला ते कोणी दाखवलं आणि कसं? ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावं, मी ऐकेन.

आत तो खाटेवर बसला होता. केस पांढरे, चष्मा तसाच काळा. समोर मोटारी घेऊन आलेले तीन-चार शेतकरी चहा पीत होते. एक जण उठून मला जागा द्यायला लागला. मी बसलो नाही. घरी तोंडपाठ केलेलं सगळं विसरलो होतो. नामदेवभाऊने चष्मा काढून हातात घेतला आणि वाट पाहू लागला.

मी त्या लोकांकडे तोंड केलं आणि माईकवर बोलायचो तेवढ्या मोठ्यानं बोललो —

‘‘ऐका मंडळी. रामाकोन्याच्या गोदामात मी नामदेवभाऊले मशीन म्हणालो. माणूस चांगला होता, मी उगाच बोललो. सगळ्याइच्या समोर मिटवतो म्हणून शब्द देला अन् लोकं हसले म्हणून गप्प राह्यलो. नामदेवभाऊ, ते गंमत नव्हती. मले माफ करा.’’